आमच्या बिल्डिंगमधल्या पोस्टमन काकांना

प्रिय काका,

सा. न.

हे तुम्ही स्वतः मोबाईलवर वाचणार नाही, तुमची नात वाचून दाखवेल, ते मला माहितीये. खरं तर जिना उतरून घरी येऊन बोलले असते तरी चाललं असतं, पण कोकणातून परत आल्यापासून ज्याला त्याला फोटो दाखवतेय आणि प्रत्येकजण हेच विचारतो की हे रस्ते तुला सापडले कुठून, आणि दर वेळी "आमच्या बिल्डिंगमधले एक काका आहेत" एवढंच सांगून मला बरं वाटत नाही. म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं. नाव टाकलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून टाकलं नाहीये.

आपल्या नाशिकमध्ये सायकलवाल्यांना तसं काही कमी नाही. २०१५ मध्ये महाजन बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायची ती रॅम सायकल रेस पूर्ण केली, आणि आता रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला उभं राहिलं तर कितीतरी सायकली जाताना दिसतात. त्या सगळ्यांचं मला फार कौतुक आहे, ट्यूब बदलायला आणि चेन जोडायला मला ग्रुपमधल्या लोकांनीच शिकवलं. पण मला मनातून जे हवं होतं ते जरा वेगळं होतं, म्हणजे कुणाच्या मागे-पुढे राहायचं नाही, कानात गाणी नाहीत, दिवसभर आपलं आपण गप्प, जे दिसेल ते बघत जायचं. हरसूलकडे गेलं की असं थोडं मिळतं, नांदूरमधमेश्वरला थंडीत पक्षी आलेले असतात तेव्हा मिळतं. समुद्राच्या काठाने असं जायचं कधीपासून डोक्यात होतं पण फोनवर रूट टाकला की तो फिरून फिरून मुंबई-गोवा हायवेलाच नेऊन सोडायचा, आणि ट्रकच्या बाजूने एकटीने जायची माझी काही तयारी नव्हती.

मग त्या दिवशी पार्किंगमध्ये मी कॅरिअरला बॅगा बांधून बघत होते आणि तुम्ही दूध घेऊन येत होतात. थांबलात, पिशवी खाली ठेवलीत, कॅरिअर धरून हलवून बघितलंत आणि म्हणालात, "मागे वजन फार झालं गो बाय, चढाला पुढचं चाक उचलेल." मला तोपर्यंत खरंच माहिती नव्हतं की तुम्ही गुहागर तालुक्यात पोस्टमन होतात, आणि टपाल सायकलवर वाटायचात, अर्धा रस्ता सायकलवर बसून आणि अर्धा सायकल हातात धरून. मुलाच्या नोकरीमुळे सिडकोत राहायला आलेले एक शांत गृहस्थ, एवढीच माझ्याकडे तुमची माहिती.

दोन दिवसांनी तुम्ही तो कागद आणून दिलात. कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू, निळं बॉलपेन, आणि पोस्टातल्या माणसाचं ते सरळ गोल अक्षर. त्यावर किलोमीटर कुठेच नव्हते! सगळं वेळेत, "पाऊण तास, मध्ये एक मोठा चढ", "वीस मिनिटं, सपाट". चढाला वर जाणारा बाण, विहिरीला गोल, जिथे कुत्री असतात तिथे फुली, देवळाजवळ "इथे पडवीत झोपता येतं, विचारून", आणि तवसाळच्या उताराच्या आधी "दोन्ही ब्रेक बघ", खाली दोन रेघा मारून. दाभोळच्या अलीकडचं तुम्ही थोडक्यात आटोपलंत, वर "हे ऐकीव" असं लिहिलंत, ते मला फार आवडलं. आणि धोपाव्यापासून पुढे जयगडपर्यंत मात्र एकेक वाडी, एकेक वळण.

तोंडी सांगितलेलं पण सगळं लक्षात आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो तो मग पाठीत येतो. सकाळी लवकर निघ, अकराच्या आत सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, ओलांड, वर झाड नाही. ओहोटीला वाळू कडक लागते म्हणून सायकल आत घालू नकोस, चेन मिठाने खलास होते. आणि चढाला उतरून ढकलायची लाज वाटून घ्यायची नाही, "मी सगळी नोकरी ढकलत काढली." हे शेवटचं ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनने आला नसता.

काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच आहे सगळं. मी नाशिकरोडहून सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून मुंबईला, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला, आणि तिथून खाली खाली. गाव समुद्राला लागून खाली, मग चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, मग उतार आणि परत गाव नाहीतर खाडी, दिवसभर हेच चालू. आणि खाडी आली की जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, सायकल चढवायची. आगरदांडा-दिघीला राजपुरीची खाडी, बागमांडला-वेसवीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. आपण गोदावरीकाठची माणसं, आपली नदी त्र्यंबकला उगमापाशी एका उडीत ओलांडता येते आणि मग पूर्वेला पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. इकडच्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि एवढ्याशा अंतरात समुद्राला मिळतात, पण मुखाशी एवढ्या रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. हा रस्ता इतका शांत का, ते मला तिथे जेटीवर उभं राहून कळलं. दर थोड्या वेळाने रस्ता पाण्यात संपतो, मग लांबचा ट्रक कशाला इकडे येईल, तो हायवेनेच जाणार. दिवेआगरहून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाताना तर कितीतरी वेळ एकही गाडी नाही, एका हाताला पाणी, आणि माझ्याच चेनचा आवाज मला ऐकू येत होता.

आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल करायचं ठरलंय. मला आधी वाईट वाटलं होतं, तुमच्याशी बोलताना तसं म्हटलंही होतं, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "पूल हवाच. रात्री बाळंतीण न्यायची तर जेटी बंद असते." हे तुम्हीच सांगू शकता. पूल व्हावेत. ज्यांना हा रस्ता असा बघायचाय त्यांनी लवकर जावं एवढंच मी आता सांगते.

केळशीबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. कागदावर तुम्ही लिहिलं होतंत "केळशी, आंजर्ले - माडांची सावली, दुपारी थांबायला चांगलं". सावली आहे, पण तुम्ही ऐकलेली तेवढी आता नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात दापोली-मंडणगडकडच्या नारळ-सुपारीच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या, हे आपण पेपरात वाचलं होतं, पण सायकलवरून सावकाश जाताना ते नीट दिसतं. मध्येच मोकळं आकाश, आणि खाली ओळीने लावलेली छोटी रोपं. एका वाडीत एक आजोबा पाणी घालत होते, मला म्हणाले, नारळ धरायला अजून वेळ आहे, सुपारीलाही आहे, पण लावायला तर पाहिजे. त्यांनी मला शहाळं दिलं, वादळातून वाचलेल्या झाडाचं.

आणि ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ती म्हणजे वेळणेश्वरच्या पुढच्या त्या वाडीतलं घर. तुम्ही मला न विचारता तिथे फोन करून ठेवला होतात, की आमच्या इथली मुलगी सायकलवर येतेय, एकटी आहे, रात्रीची सोय बघा. मी पोचले तेव्हा दिवस मावळत आला होता आणि खरं सांगायचं तर पाय संपले होते. आजी खळ्यात बसल्या होत्या. मला बघून पहिलं वाक्य, "पोस्टमन बरा हाय ना?" मग गरम पाणी, मग तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि जेवताना सगळं तुमच्याबद्दलच. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते, महिन्याला मनिऑर्डर यायची, ती तुम्ही भर पावसात सड्यावरून छातीशी धरून आणायचात. त्यांना वाचता येत नव्हतं, तर पत्र तुम्ही ओट्यावर बसून वाचून दाखवायचात आणि उत्तरही तुम्हीच लिहायचात, आणि त्यातलं एक अक्षरसुद्धा कधी वाडीत दुसऱ्या कुणाला कळलं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग मी तुमचा तो कागद बॅगेतून काढून दाखवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, वाचता येत नसूनही अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्याचाच हाय."

काका, मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. सुरक्षित वाटणं म्हणजे काय असतं ते एकट्या फिरणाऱ्या बाईला विचारा. आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवलेल्या गावात मला कुणी "कोणाची कोण" असं विचारलं नाही, कारण माझ्या आधी तुम्ही तिथे वर्षानुवर्षं चालत गेला होतात. त्याचं थँक्यू कसं म्हणायचं ते मला येत नाही, पण म्हणते. मनापासून थँक्यू.

बाकीचं भराभर सांगते. गुहागरला खालचा पाट वस्तीतून गेले, तुम्ही सांगितलेली विहीर अजून आहे, पाणी गोड आहे. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, खडकातल्या बामणघळीला भरतीच्या वेळेलाच पोचले, पाणी उसळून वर आलं तेव्हा एकटीच होते तरी मोठ्याने ओरडले. तवसाळच्या उताराला दोन्ही ब्रेक बघितले. फुली मारलेल्या एका ठिकाणी कुत्री नव्हती, दुसऱ्या ठिकाणी होती आणि चांगली लांबपर्यंत आली.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. आमच्या ग्रुपमधल्या दोघीजणी पुढच्या थंडीत हाच रस्ता करायचं म्हणताहेत, त्यांना कागदाची झेरॉक्स दिली तर चालेल का? आजींच्या घराची ओळ मी झाकून देईन, तिथे आधी तुमचा फोन गेल्याशिवाय कुणी जाऊ नये असं मला वाटतं. आणि दुसरं, तुमची बहीण मालगुंडला असते असं काकू म्हणत होत्या. जयगडच्या पुढचं, गणपतीपुळे आणि आरे-वारेकडून रत्नागिरीपर्यंतचं, त्यांच्याकडून विचारून लिहून द्याल का, "हे ऐकीव" असं वर टाकून दिलंत तरी चालेल.

फोटो मोठ्या साईजमध्ये प्रिंट करायला दिलेत, स्क्रीनवर तुम्हाला नीट दिसत नाहीत म्हणून. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. आजींनी काकूंसाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलंय, तेही आणते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सायकलवाली