कालवडी हलवायच्या आधी

चि. बाळास, आईचे आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, रविवारी टेम्पो घेऊन येतोस, तिन्ही कालवडी मळ्यातल्या नव्या मुक्त गोठ्यात नेऊ आणि दूधही त्याच दिवशी बंद करू म्हणतोस. सुट्टी एकच असते तुला, कळतं मला, पण दोन्ही एकदम नको करू रे. आधी दूध तोडू, इथंच, ओळखीच्या दावणीला, मग आठ-पंधरा दिवस जाऊ देत आणि मग हलवू.

दूध कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात, जातच नाही बघ, सरळ चौथ्या पोटात उतरतं. कोठीपोट तयार होतं ते काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा कोरडा खुराक, आत जाऊन आंबतं तेव्हा, आणि त्याला पाणी लागतं, म्हणून दूध पाजत असलो तरी पाण्याची बादली समोर पाहिजेच. दोन महिने झाले की तोडा म्हणतात लोक, मी मात्र घमेलं बघते, सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर संपलं की मगच दूध कमी. थोरल्या दोघी खातात, चांदी अजून नुसतं हुंगते आणि माझी बोटं चोखत बसते, मग दूध पिऊन झाल्या झाल्या तिच्या तोंडात चिमूटभर घालते, चोखायच्या नादात गिळते ती, लागेल सवय.

आधी संध्याकाळचं अर्धं करायचं, मग बंद, मग सकाळचं. हंबरतील दोन-चार दिवस, हंबरू देत. पण एकमेकींची बेंबी नाहीतर आचळं चोखायला लागल्या तर लगेच लांब बांधायचं, पुढं कास बिघडते त्यानं. डेअरीला चार लिटर जास्त घालायला घाईनं दूध तोडतात ना, मला अजिबात पटत नाही ते, कालवड वेळेवर माजावर यायला हेच दिवस महत्त्वाचे. दूध तुटलं, जागा बदलली, सगळं एकदम अंगावर आलं की खाणं टाकतात, मग हगवण नाहीतर खोकला. ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभ पडतो त्या रोगाची, लस चार ते आठ महिन्यांत द्यायची असते, तीही नव्या जागी रुळल्यावरच द्या म्हणून डॉक्टरांना सांगितलंय.

न्यायच्या तेव्हा तिघी एकदम न्यायच्या, ऊन चढायच्या आत, टेम्पोत खाली पाचट टाकून, घमेली आणि स्टार्टरचं पोतं इथलंच.

तू रविवारी ये, टेम्पो मात्र सांगू नको. मळ्यातली पाण्याची टाकी त्यांना उंच पडते, तोंड पोचत नाही, तिथं एक बुटकी टाकी बसवून दे.

तुझी आई