निखारा फुलवायचा, राख उडवायची नाही

ताई, नमस्कार.

तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीतून आम्ही बाहेर पडलो त्याला पाच महिने झाले. त्या दिवशी आभार मानले नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर मला रडूच फुटलं असतं आणि बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

आई तुम्हाला आठवते का? बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसलेली, एक वाक्य बोलताना दोनदा थांबणारी.

तुमच्याआधी दीड वर्ष आम्ही नागपुरातलं धंतोली, रामदासपेठ पालथं घातलं, दवाखाना दवाखाना फिरलो. एका ठिकाणी ऐकलं, "बाई विडी ओढत नाहीत ना? मग वयाचं आहे." दुसरीकडे झोपेची गोळी लिहून दिली. फुंकून करायची फुप्फुसाची साधी तपासणी, स्पायरोमेट्री, कुणाला सुचली नाही. चुलीचं तर कुणी विचारलंच नाही. काटोलकडच्या आमच्या गावी तिनं तीस वर्षं पऱ्हाट्या नि गोवऱ्यांच्या धुरात भाकरी थापल्या. विडी न ओढणाऱ्या बाईलाही त्या धुरानं सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, होतो, हे आम्हाला ठाऊक नसणं समजू शकतं. फी घेणाऱ्यांचं काय?

पुढं छातीच्या डॉक्टरांनी निदान केलं, इनहेलर दिले, त्यांचेही उपकार आहेतच. पण आजार समजावला तुम्ही. "आई, घर केवढं तुमचं?" मी म्हटलं, साडेसातशे स्क्वेअर फूट. "फुप्फुसातले सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण तेवढंच होतं," तुम्ही म्हणालात. एकेक कोश बारीक रव्याच्या कणाएवढा, आणि असे कोट्यवधी. त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो. आईच्या छातीत त्या भिंती जागोजागी पडल्यात. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या खोल्या पाडून एकच हॉल केला तर जागा तेवढीच राहते, पण भिंती कमी होतात, तसं. शिवाय फुप्फुसाचा रबरासारखा ताण गेल्यानं श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि शिळी हवा आत अडकते. पडलेल्या भिंती परत उभ्या राहत नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाही.

मग तुम्ही ओठांचा चंबू करून श्वास सोडायला सांगितलं. आईला काही केल्या जमेना. दीड वाजून गेला होता, तुमचा डबा टेबलावर तसाच होता. तुम्ही खुर्ची सोडलीत, तिच्यासमोर खाली फरशीवर मांडी घालून बसलात आणि विचारलंत, "फुंकणी येते ना फुंकता?"

आई हसली. कित्येक महिन्यांनी. "आता फुंकणी नाही येणार का बाप्पा?"

"मग तशीच फुंका. पण जोरानं नाही. निखारा फुलवायचा, राख उडवायची नाही."

दोन मोजून नाकानं आत, चार मोजून ओठांतून बाहेर. अशा संथ फुंकरीनं नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तुम्हीही तिच्याबरोबर फुंकत होतात आणि तुमचा हात तिच्या गुडघ्यावर होता. ज्या चुलीनं तिची छाती खाल्ली, तिथलीच कला तुम्ही तिच्या कामाला लावलीत.

कुणाच्या पगारात खाली बसायचं लिहिलेलं नसतं, ताई. तरी नागपुरात अशी माणसं आहेत. त्यांच्या नावाच्या पाट्या मोठ्या नसतात, म्हणून सापडायला वेळ लागतो.

आईचा आजार गेलेला नाही. थंडीत खोकला वाढतो. पण ती आंघोळ स्वतः करते आणि जिन्यावर मध्ये थांबून चार आकडे मोजते. शेजारच्या काकूंना "राख उडवू नका" म्हणून दटावतानाही परवा ऐकलं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन ती स्वतः येणार आहे. तुमची खोली पहिल्या मजल्यावर आहे, हे तिच्या पक्कं लक्षात आहे. लिफ्टनं येणार नाही म्हणते.