गच्चीवरचं वायफाय : नवीन नोड घ्यायच्या आधी हे वाचा

मा. अध्यक्षसाहेब आणि कमिटीतले सगळे,

नमस्कार. हे ग्रुपवर टाकलं नाही कारण यात पासवर्डचा विषय आहे, तो सगळ्यांसमोर नको.

रविवारी ऑफिसमधून किल्ली घेऊन सी विंगच्या गच्चीवर जाऊन आलो. मागच्या गेटच्या केबिनपाशी मोबाईलवर सिग्नल उणे ८२ डीबीएम (सिग्नल मोजायचं माप) येतोय, कॅमेरा नीट चालायला उणे ६५ च्या आसपास तरी हवा (शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला). इतके दिवस आपण मशीनला दोष देतोय आणि आता अजून दोन नोडचं (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारी मशीन) कोटेशन आलंय. माझी विनंती आहे की ते थांबवा. मशीन ठीक आहे, जागा चुकलीये. नोड पाण्याच्या टाकीच्या मागे लावलाय आणि पाणी वायफायचा सिग्नल शोषून घेतं, म्हणून सकाळी टाकी भरली की कॅमेरा अडकतो आणि दुपारी पाणी उतरलं की जरा बरा चालतो. हे मला वॉचमन काकांनी सांगितलं, आपल्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिजिटरची एंट्री पाठवायला ते बिचारे ए विंगच्या जिन्यापर्यंत चालत येतात आणि तेवढा वेळ मागचं गेट उघडं असतं, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

नोड वाढवून का भागणार नाही तर मेशमधे (नोड एकमेकांना जोडून केलेलं वायफायचं जाळं) एक नोड दुसऱ्याला हवेतूनच डेटा देतो, आणि ऐकायला आणि पुढे पाठवायला एकच रेडिओ असेल (आपल्याकडे तोच आहे) तर प्रत्येक टप्प्याला स्पीड ढोबळमानाने निम्मा होतो, म्हणजे १०० चे ५०, ५० चे २५. त्यापेक्षा नोड टाकीमागून काढून गेटच्या बाजूच्या कठड्यावर घ्या आणि बी ते सी विंग सरळ केबल ओढा, मी पावलांनी मोजलं, ७० मीटरच्या आत बसतंय आणि लिमिट १०० मीटरचं असतं.

केबल मात्र बाहेरची, उन्हात न तडकणारी आणि शुद्ध तांब्याची, हे कोटेशनमधे लिहूनच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते पण आपण त्याच वायरमधून नोडला करंट देतो, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि नोड सारखा रीस्टार्ट होतो. मागच्या पावसाळ्यात बंद पडला तेव्हा व्हेंडरने जळाला म्हणून सांगितलं, मी कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज चढलेला. आत घरात वापरायची वायर टाकलेली, खालचा ग्लँड (वायर आत जाते तिथलं बूच) घट्ट केलेला नाही, आणि वायरला आत शिरण्याआधी खाली झोळ दिला नाही म्हणून पाणी वायरीवरून थेट आत. आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) लिहिलेला डबा असला तरी भोक उघडं ठेवलं तर काय उपयोग.

अजून एक, तीच वायर लाइटनिंग अरेस्टरच्या (पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या) पट्टीला बांधून खाली आणलीये. ती आधी सोडवा, पुढच्या मिटिंगची वाट बघू नका. वायर पट्टीपासून लांब, पोलला अर्थिंग आणि स्विचच्या आधी सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला व्होल्टेज अडवणारा) हवा.

सेटिंगमधे चॅनल ऑटोवर आहे. २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि घरोघरचे राउटर तिथेच भांडतायत, तर कॅमेरे ५ गिगाहर्ट्झवर घ्या. त्यातही ५२ ते १४४ चॅनल टाळा कारण ते रडारही वापरतं आणि लोहगाव एअरपोर्ट जवळ आहे, रडारचा संशय आला की मशीन चॅनल सोडतं आणि मिनिटभर किंवा जास्त सगळं गप्प. ३६ ते ४८ किंवा १४९ पासूनचे घ्यावेत.

आणि पासवर्ड. व्हेंडरने कंपनीतून आलेलाच ठेवलाय, आणि पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर आहेत. पाहुण्यांचं वेगळं करून पासवर्ड बदलून सेक्रेटरींकडे बंद पाकिटात ठेवला तर व्हेंडर बदलला तरी आपण अडणार नाही.

पाऊस यायला महिनाच राहिलाय. येत्या रविवारी सकाळी ८ ला गच्चीची किल्ली आणि एक इलेक्ट्रिशियन मिळाला तर मी आणि सी विंगमधला एक मुलगा नोड हलवून देतो, पैसे फक्त केबल, अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरचे लागतील. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणजे केबल आणून ठेवतो.

आपला,
बी ७०२