चमकणारे कण पारखायचे कसे?

संपादक महोदय,

'नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी ओळखल्या' अशा बातमीसोबत हिरव्या-पिवळ्या उजळलेल्या पेशींचे एकच छायाचित्र छापलेले असते. कण पेशीवरच्या नेमक्या प्रथिनाला चिकटले की मिळेल तिथे, हे त्यावरून कळत नाही. प्रतिदीप्त (प्रकाश टाकला की स्वतः उजळणाऱ्या) पॉलिमर कणांच्या बाबतीत तर ही शंका आधी घ्यायला हवी.

याचे कारण ते बनतात त्या रीतीतच आहे. पीएफबीटी हा असाच एक उजळणारा, लांब साखळ्यांचा पॉलिमर पाण्यात विरघळत नाही. तो टीएचएफ या सेंद्रिय द्रावकामध्ये विरघळवून (मिलिलिटरला सुमारे 50 मायक्रोग्रॅम) असे 5 मिलिलिटर द्रावण 10 मिलिलिटर शुद्ध पाण्यात, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी घुसळणारे यंत्र) चालू असताना, एका दमात ओततात. थेंबथेंब सोडले की साखळ्या एकमेकींत गुंतून कण मोठे होतात. मग नायट्रोजन सोडून टीएचएफ उडवायचे आणि 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे. फिल्टर गडद पिवळा झाला तर बराच माल गुठळ्या होऊन तिथेच अडकला, असे खुशाल समजावे.

असा उघडा कण पेशी, काच, प्रथिने, सगळ्यांना चिकटतो. म्हणून पॉलिमरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, कार्बॉक्सिल (आम्लगटाची) टोके असलेले पीएस-पीईजी (पाण्याशी जुळवून घेणारा दुसरा पॉलिमर) सुरुवातीलाच मिसळतात आणि त्या टोकांना ईडीसी या जोडणी करणाऱ्या रसायनाने अँटीबॉडी (नेमक्या प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रथिन) जोडतात. इथे ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) चालत नाही, त्यातले अमाइनच (नायट्रोजनचा गट) अँटीबॉडीऐवजी जोडणीत भाग घेते, हेपीस हे बफर वापरावे. ईडीसीची बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडली की आत दव धरते आणि रसायन निकामी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हटकून! जोडणी फसली तरी काही अँटीबॉडी नुसतीच कणावर बसते आणि पेशी थोड्याफार उजळतातच.

म्हणून ईडीसी न घालता केलेला नमुना, अँटीबॉडीविना कण आणि कणांशिवायच्या पेशी, तिन्हींची चित्रे त्याच लेसरवर, तेवढ्याच एक्स्पोजरने घेतलेली हवीत. जिवंत पेशी 37 अंशांवर कण गिळूनही टाकतात, त्यामुळे पृष्ठभागाची तपासणी 4 अंशांवर करावी. बातमीत यांतले निदान एक चित्र शेजारी छापावे, ही विनंती.

ऑक्सिजन मोजणाऱ्या कणांचे थोडे वेगळे. त्यांतल्या प्लॅटिनम-पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा लाल प्रकाश ऑक्सिजनने मंदावतो, पॉलिमरचा निळा जवळपास तसाच राहतो. वाचायचे असते ते दोहोंचे गुणोत्तर. रंगद्रव्य कणातून झिरपले की लाल आपोआप घटतो आणि ऑक्सिजन वाढल्याचा भास होतो.

– रसायनशास्त्राचा एक अध्यापक, पुणे