हँडब्रेक आणि जाम झालेला ड्रम

डिअरबॉर्न, मिशिगन
१४ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच फोन घेऊन "जेवलास का" विचारते. शिवाय हे ऐकून तुम्ही हसणार. ते हसणं रत्नागिरीतच राहू दे, म्हणून पत्र.

माझ्या २००५ च्या कोरोलाचं मागचं डावं चाक महिनाभर खरखरत होतं. मागे ड्रमब्रेक आहेत, तुमच्या एसटीला असायचे तसेच, फक्त हे हवेवर नाही तर तेलावर चालणारे. इथल्या एका गॅरेजवाल्याने चाक उघडूनसुद्धा न बघता ड्रम, लायनर, सिलिंडर सगळं बदला म्हणून सांगितलं, आणि जो आकडा टाकला तो ऐकून मी गाडी परत आणली. म्हटलं, डेपोत तीस वर्षं काढलेल्या मेकॅनिकचा मुलगा आपण, एक ड्रम काढता येऊ नये?

नाही आला. चाक काढलं, ड्रमला दोन्ही हातांनी ओढलं, ढिम्म. तेल फवारलं, हातोडा मारला, मग मोठा हातोडा मारला. तासाभराने शेजारचे लेबनीज आजोबा आले. ते मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. थोडा वेळ बघत उभे राहिले, मग काही न बोलता गाडीचं दार उघडून हँडब्रेक खाली केला.

हसलात ना? गाडी जॅकवर होती, घसरू नये म्हणून मीच ओढून ठेवला होता. म्हणजे आतून ब्रेकचे शू (ड्रमला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला धरून बसलेत आणि बाहेरून मी घण घालतोय. पुढच्या चाकांना दगड लावायचे आणि हँडब्रेक सोडायचा, हे तुम्ही मला शाळेत असताना सांगितलं होतं.

पण तेवढ्याने सुटला असता तर पत्र लिहिलं नसतं. इथला गंज वेगळाच आहे. तुम्ही म्हणायचात ना, कोकणातली गाडी पावसाने नाही, खाऱ्या वाऱ्याने खाल्ली जाते. इथे समुद्र नाही, पण बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात. डेट्रॉइटच्या पोटात अकराशे-बाराशे फूट खाली मिठाची खाणच आहे, १९१० मध्ये सुरू झालेली. ते खारट पाणी चाकाच्या आत उडतं आणि महिनोन् महिने तिथेच राहतं. ड्रमचं मधलं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, गळ्यावर अगदी बेताचं बसतं. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, त्यामुळे पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसतं तसा तो आवळून बसला होता.

आजोबांनी आधी तारेच्या ब्रशने हबभोवतीची कडा मोकळी करायला लावली. मग तिथे गंजतेल सोडून आम्ही चहाला गेलो. माझ्याकडे पेटती टॉर्च होती, ती मात्र त्यांनी काढून घेतली. मी मघाशी तिथेच ब्रेक क्लीनर फवारला होता, आणि क्लोरीनवाल्या क्लीनरला आच लागली तर फॉस्जीन तयार होतो, विषारी वायू. मला हे माहीतच नव्हतं. (आईला हा परिच्छेद वाचून दाखवू नका.)

मागच्या प्लेटवर रबराचं एक बूच असतं. ते काढून एका स्क्रूड्रायव्हरने आतली पट्टी बाजूला धरायची आणि दुसऱ्याने ॲडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवायचं, म्हणजे शू आत जातात. नाहीतर ड्रमच्या कडेला झिजून जो ओठ तयार झालेला असतो त्यात ते अडकतात. हे करताना बोटं सोलली, पण झालं.

आता खरी गंमत. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं होती. मला ती इतके दिवस उगीच वाटायची. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घातले की त्यांची टोकं मागे हबला टेकतात आणि ड्रम बाहेर ढकलला जातो. पाव फेरा इकडचा, पाव फेरा तिकडचा. एकच बोल्ट आवळत बसलं तर ड्रम तिरका होतो, आणि बिडाचा असल्यामुळे तडकूही शकतो. ताण बसला की दोन स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या दांड्यांच्या) मधे हलका ठोका. मी घण घालत होतो तेव्हा आवाज बद्द यायचा. सहाव्या-सातव्या फेऱ्याला खट्ट झालं, तपकिरीसारखी भुकटी खाली सांडली आणि पुढचा ठोका खणखणीत वाजला. ड्रम हातात आला.

आत शूवरचा लायनर चांगला जाड होता. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो, मापलं तर त्याच्या बराच आत. खरखर होती ती शू धरणारी एक बारीक स्प्रिंग गंजून तुटल्यामुळे. दोन्ही चाकांचा स्प्रिंगांचा संच वीस डॉलरच्या आत आला. बसवताना हबच्या गळ्यावर अँटी-सीझचा (जाम होऊ नये म्हणून लावायच्या लेपाचा) पातळ हात फिरवला, स्टडना लागू दिला नाही. चाकाचे नट १०३ न्यूटन-मीटरला आवळले, मोजून. तुम्ही मनगटाने सांगितले असतेत, मला पान्हा लागतो.

उजवं चाक राहिलंय. तिथल्या दोन भोकांपैकी एकात आटेच दिसत नाहीत, नुसता गंजाचा खड्डा. एक आकार मोठा टॅप मारून नवे आटे पाडू की एकाच बोल्टवर हळूहळू ठोकत काढू? डेपोत असं झालं की काय करायचात, ते चित्र काढून पाठवा. चित्राचा फोटो ताईला व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा, गाडी पुढच्या शनिवारी परत जॅकवर चढतेय.

तुमचा,
बंड्या