शनिवारच्या किल्लीबद्दल

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

यंदाची कोकमाची सोलं (वाळवलेली सालं) पाऊस पडायच्या आत डब्यात गेली. एवढं कळवायला फोन पुरला असता; पण फोनवर तुम्ही ‘हो हो, छान’ म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात ज्याच्या परसात भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे, त्याला मे महिन्याची धाकधूक ठाऊक असते. फळं पिकतात नेमकी पावसाच्या तोंडावर. साल खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. मधल्याच एखाद्या पुटाला आभाळ भरून आलं की धरली बुरशी. तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं अर्धी सोलं माडाच्या आळ्यात टाकली.

मदत मागायला एका कार्यालयात गेलो, तर विचारलं, कंपनीची नोंदणी आहे का, पिच डेक आहे का. पिच डेक म्हणजे काय, हे घरी येऊन नातवाला विचारलं; धंद्याची कल्पना पैसेवाल्यांना पटवायची चित्रफीत-पानं, म्हणे. तोच म्हणाला, आजी, आमच्या शाळेत ये, सर काहीही बनवतात.

तुमच्या शाळेतली ती अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाच्या २०१६ पासूनच्या योजनेतली. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगचं सामान, आर्डुइनोचे बोर्ड (यंत्राला हुकूम देणारे छोटे संगणकच), आणि शाळा सुटली की कुलूप. तुम्ही मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढलीत आणि शनिवारी दुपारी ते कुलूप आम्हा सहा बायकांसाठी उघडलंत. घरी तान्हं मूल असताना! हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, नाहीतर कुठल्या तोंडानं आलो असतो?

सोलं वाळवायला तिथं बनवलेली पेटी, म्हणजे आपला पहिला ड्रायर, फसला, तो आठवून अजून हसू येतं. किटमधला निळा सेन्सर ५० अंशांपर्यंतच मोजतो, आणि आमची पेटी त्याच्या पुढे तापायची. आकडा तिथंच अडकलेला, आत सोलं करपतायत, आणि आम्ही खूश की तापमान कसं स्थिर आहे! मग तुम्ही पांढरा आणलात, ८० पर्यंत मोजणारा. पुढचा घोळ मात्र आमचा. स्वस्त पडते म्हणून ॲल्युमिनियमची जाळी लावली. सोलाचा आंबटपणा आणि मीठ, दोन्ही मिळून ती खाऊन टाकली. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, हे आमच्या आयांनी शिकवलेलं. यंत्र म्हटल्यावर विसरलो. तुम्ही रागावला नाहीत. वहीत लिहून ठेवलंत, ‘जाळी स्टीलचीच’, आणि खाली माझं नाव. माझं नाव कुठल्या तांत्रिक वहीत येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका गोष्टीवरून आपलं वाजलंही. ड्रायर चालायला लागल्यावर आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, आराखडा कुणाला द्यायचा नाही, शेजारचा गट करून विकेल. मलाही ते पटलं होतं. तुम्ही म्हणालात, आर्डुइनोचा आराखडा २००५ मध्ये इटलीतल्या लोकांनी झाकून ठेवला असता, तर आपल्या हातात काय आलं असतं? शिवाय पैसा सरकारी, म्हणजे शेजारच्या गटाचाही. मी चार दिवस तोंड फुगवून बसले. मग आराखडा सगळ्यांना द्यायला सही केली.

गेल्या डिसेंबरात काणकोणहून फोन आला. तिथल्या बायकांनी आपल्या आराखड्यावरून पेटी केली, मिरची वाळवायला. मिरचीचा ठसका सहन होईना म्हणून त्यांनी दार मागच्या बाजूला घेतलं आणि पंखा वर सरकवला. त्याचं चित्र त्यांनी पाठवलं. यंदा आम्हीही दार मागे घेतलंय; रस गळतो तो आता वायरींवर पडत नाही. हे ना तुम्हाला सुचलं, ना आम्हाला.

पहिल्या डब्यातली सोलं तुमच्या घरच्या कढीसाठी बाजूला ठेवली आहेत. तुमचा चपटा स्क्रू ड्रायव्हरही माझ्याकडेच राहिलाय, शनिवारी आणते.

तुमची,
सत्तरीच्या बचत गटातली आजी