गजाचे प्लग

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा दुसऱ्या वाक्याला ‘बरं बरं, घे, आईशी बोल’ म्हणतात आणि आई तिसऱ्या वाक्याला ‘जेवलीस का’वर येते. म्हणून पत्र. ताई वाचून दाखवेल. बाबा, चष्मा शोधत बसू नका, ऑपरेशनच्या डोळ्याला अजून ताण द्यायचा नाहीये.

तर, गजाचे, आपल्या गाडीचे, दोन्ही स्पार्क प्लग बदलले. शोरूमचे नाहीत, बाहेरचे घातलेत.

ताई, बाबा उठून उभे राहिले असतील तर बसव त्यांना. बाबा, ऐकून तरी घ्या. तुम्ही सांगितलं होतंत तशी मी आधी शोरूमलाच गेले होते. एकदा नाही, दोनदा. पंधरा वर्षांची सीएनजी गाडी म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा असा बघायला लागला की जणू मी बैलगाडीच्या चाकाची धाव मागतेय. मागवावे लागतील म्हणाला. किती दिवस, ते सांगेना. इकडे मोगऱ्याचा आणि आंब्याच्या कलमांचा सीझन, रोज एक तरी खेप सासवडला. गाडी दारात उभी ठेवून मी कलमं डोक्यावर नेऊ का? शेवटी गॅरेजवाल्या चाचांना घेऊन नाना पेठ गाठली.

आणि ‘कंपनीचे, कंपनीचे’ म्हणता, तर गाडीची कंपनी प्लग बनवतच नाही हो. प्लग बनवणारे वेगळे, ही फक्त आपल्या डबीत घालून विकते. तुमच्या लाडक्या मायकोचं नाव २००८ पासून बॉश आहे. तुम्ही अजून ‘मायको द्या’ म्हणता आणि गल्ल्यावरचे काका गालात हसून बॉशची डबी पुढे सरकवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी घेतलेत ते इरिडियमचे. महाग आहेत, दोन्ही मिळून बाराशे गेले, आता ओरडा. कारण सांगते. सीएनजीत ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे साध्या प्लगचं टोक लवकर झिजतं. टोक झिजलं की फट वाढते, फट वाढली की आणखी व्होल्टेज लागतं. मग भार आला, चढ आला, की मिसिंग सुरू, ठिणगी चुकते आणि इंजिन अडखळतं. साध्या प्लगच्या टोकाचं निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि इरिडियम २४४६ अंशांना, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवलं तरी टिकतं. बारीक टोकावरून ठिणगीही कमी व्होल्टेजमध्ये उडी मारते.

एका गोष्टीत मात्र फसले असते. दुकानदाराने दुसऱ्या ब्रँडचा प्लग काढला आणि म्हणाला, ‘ताई, आकडा जवळपास तोच आहे, चालतंय.’ चाचांनी तो तसाच परत दिला. प्लगवरचा आकडा म्हणजे तो चालताना किती गरम किंवा थंड राहतो ते. आणि प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. एनजीकेमध्ये आकडा चढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा चढला की गरम, पुरता उलटा कारभार. आकड्याला आकडा लावून घेतला असता तर घाटात टोक तापून लाल झालं असतं आणि नको तेव्हा गॅस पेटला असता. दोघांनी मिळून कॅटलॉगमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष काढलं, आट्यांची लांबी जुन्या प्लगला चिकटवून पाहिली, तेव्हा कुठे पैसे दिले. पिशवी हातात घेऊन बाहेर पडले तेव्हा मला अगदी तुमच्यासारखं वाटत होतं.

आठवतंय का, चेतक बंद पडली की तुम्ही ती डाव्या अंगाला कलती करायचात, आणि तरीही नाही झाली की मला पुढून उतरवायचात. मी फुटपाथवर दप्तर घेऊन उभी. तुम्ही डिकीतून पाना काढायचात, प्लग खोलायचात, पॉलिश पेपरने घासायचात, फुंकर मारायचात आणि मला दाखवायचात, ‘बघ मने, तपकिरी हवा. बासुंदीच्या खरवडीसारखा.’ शाळेला उशीर झाल्याची चिठ्ठी तुम्ही तेलकट बोटांनीच लिहायचात. बाईंनी एकदा विचारलं होतं, वडील गॅरेजमध्ये आहेत का? मी हो म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला हे आजवर सांगितलं नव्हतं.

गजाचे प्लग मात्र खरवडीसारखे नसतात. सीएनजीवर काजळी धरत नाही, ते राखाडी-पांढुरकेच दिसतात. पहिल्यांदा पाहून मी घाबरले होते.

काम मी स्वतः केलं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, रात्रभर. सीट उचलली, हवा मारून खाच साफ केली, म्हणजे माती आत पडायला नको. नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, पाना नंतर, वॉशर बसल्यावर फक्त अर्ध्या फेऱ्याच्या जरा पुढे. तुमच्यासारखं पान्यावर लोंबकळले नाही. फट ०.७ मिलिमीटर आहे, गेज लावून बघितली, वाकवली काही नाही.

आता गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते आणि उभी असताना आरसा थरथरत नाही. अ‍ॅव्हरेज वाढलं का? मला तरी दिसलं नाही, दुकानदार काही म्हणो. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवशी एका एचटी केबलला, म्हणजे प्लगला करंट नेणाऱ्या वायरला, तडा सापडला, तीही बदलली. तेव्हा निम्मं श्रेय केबलचं असेल. बाराशे रुपयांची बाजू लावून धरायची म्हणून मी हे चाचांना बोलून दाखवत नाही.

जुने प्लग टाकले नाहीत. टोकं झिजून गोल झालीत, फटीत एक मिलिमीटरचं पातं सहज जातं. घाटात मिसिंग मारत असणार, तुमचं तेवढं बरोबर होतं. पण बाबा, दोन्ही चालू होते. दोन सिलिंडरच्या गाडीचा एक प्लग गेला तर ती हातपाय झाडत, धडधडत चालते. गप्प उभी राहून दहा मिनिटांनी शहाण्यासारखी परत सुरू होत नाही.

त्या दिवशी दिवेघाटात, मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर, तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. घरी येऊन म्हणालात प्लग गेलाय. आई, तू शेजारी बसली होतीस. तूही म्हणालीस, ‘हो ना, प्लगच.’ आठवड्याने अँजिओप्लास्टी झाली.

मी रागावले नाही. खरंच नाही. गुलाबाची ती ऑर्डर आजच पोचायला हवी म्हणून हट्ट धरला तो मी. बिलं करायची आहेत म्हणून घरी थांबले तीही मीच. प्लग खोलून हातात धरले तेव्हा मला हे सगळं कळलं आणि मी तशीच सीटच्या चौकटीवर बसून राहिले. चाचा चहा घेऊन आले, काही बोलले नाहीत.

तेव्हा एक ठरवलंय. किल्ली आता माझ्या जुडग्यात राहील. गजाला विकायचं नाही, ती भीती मनातून काढा. यंदाचं पासिंग झालं, गॅसच्या सिलिंडरच्या मागच्या तपासणीला तीन वर्षं झाली होती म्हणून हायड्रो टेस्टही, ती पाण्याच्या दाबाची, करून आणली. नर्सरीच्या आत, विहिरीपासून गेटपर्यंत, तुम्हीच चालवा, हवी तेवढी. घाट मात्र मी चढवणार. या महिन्यात सहा वेळा चढले, कलमं भरून. तुम्ही शिकवलंत तसं, वळणाच्या आधी गिअर टाकून, पहिल्या गिअरची लाज न बाळगता. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

तुमच्या बाजूची सीट नवी भरून घेतली. पाठीला उशी आहे, तुमच्या कमरेच्या उंचीची, मी स्वतः बसून पाहिलं. आईला चढायला लाकडी पाट केलाय, खाली रबर लावलंय, सरकत नाही. घरी खालच्या खोलीत पलंग खिडकीपाशी घेतला, पहाटे बुलबुल येतो तो झोपल्या झोपल्या दिसेल. बाथरूममध्ये हाताला धरायला दांडी लावली. गीझरचं बटण खाली घेतलं. बाबांचा रेडिओ तिथेच आहे, काट्याला मी हात लावलेला नाही. आई, तुझी तुळस नीट आहे, मंजिऱ्या खुडते वेळच्या वेळी.

पालखीचंही ठरलंय. दरवर्षीसारखी पाण्याची टाकी वडकीला जाणार. रस्ता बंद व्हायच्या आत, आदल्या रात्रीच गाडी लावून ठेवू. बाबांनी खुर्चीत बसून तांब्या धरायचा, सावलीत. ड्रम मी आणि गॅरेजची पोरं उतरवू. वारकरी ‘माऊली’ म्हणून हात पुढे करतात तेव्हा तुम्हीच हवेत तिथे, मला ते जमत नाही.

आता सांगते ते नीट ऐका. रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ‘आज बरं वाटतंय’ हे कारण चालणार नाही. चालायला जाताना खिशात कागद हवा, त्यावर ताईचा आणि माझा नंबर. नातवाच्या बाइकला हात लावायचा नाही, तिचा प्लग खराब झाला असेल तरीही. आई, तू बाबांच्या ताटात लोणचं वाढतेस आणि ‘फोडच दिली’ म्हणतेस, ताईने मला सांगितलंय. आणि छातीत, खांद्यात, जबड्यात कुठेही काही झालं तर त्याला प्लग म्हणायचं नाही. दोघांनीही. मला लगेच सांगायचं, रात्री दोन वाजता असलं तरी.

येताना एसटीत मधल्या सीट घ्या, चाकावरच्या नको. मी शिवाजीनगरला गजा घेऊन उभी असेन. घरी आल्यावर बाबांनी बॉनेट-सीट काय उघडायचं ते उघडून बघावं, पण त्या इरिडियमला पॉलिश पेपर लावायचा नाही. टोक जाईल.

तुमची,
मनी

ता. क. आई, कुकरची शिट्टी सापडली. गव्हाच्या डब्यात होती. तिथे कशी गेली, ते तूच सांग.